राजदूतबाईंचे घर

मोठ्या माणसांची चरित्रे आणि आत्मचरित्रे वाचताना मला एक जुनी खोड आहे. मूळ मजकुराला हात घालण्याआधी मी अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश वाचून काढतो. तिथे बहुधा एक ठरलेले वाक्य भेटते. पत्नीने घराचा सगळा भार उचलला म्हणून हे काम करता आले, अशा अर्थाचे. एका वाक्यात तीस-चाळीस वर्षांचा हिशेब मिटतो आणि मग चारशे पाने समाजकारण, परिषदा, प्रवास, मानसन्मान. मुले कोणाजवळ वाढली, त्यांना ताप आला तेव्हा उशाशी कोण बसले होते, हे त्या चारशे पानांत येत नाही आणि आपणही ते विचारत नाही. माझ्या स्वतःच्या एका जुन्या पुस्तकाच्या सुरुवातीलाही हेच वाक्य आहे. ते लिहिताना मला काही खटकले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.

स्वीडनच्या अल्वा मिर्डाल यांना मात्र हे सगळे विचारले गेले. परक्यांनी विचारलेच, पण पोटच्या मुलांनीही विचारले. मुलाचे पुस्तक १९८२ साली आले, थोरल्या मुलीचे १९८७ साली, धाकटीचे १९९२ साली. तिन्ही पुस्तकांतली आई एकच, पण त्या तीन आया रस्त्यात समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओळखतील की नाही, याची शंका वाटते.

अल्वा मिर्डाल म्हणजे स्वीडनच्या पहिल्या स्त्री-राजदूत. त्यांची नेमणूक झाली ती आपल्या दिल्लीत. पुढे जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत त्या अकरा वर्षे स्वीडनच्या प्रतिनिधी होत्या आणि १९८२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मेक्सिकोच्या आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्याबरोबर विभागून मिळाले. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा त्यांचे पती अधिक ठाऊक. ‘एशियन ड्रामा’ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल ते हेच. त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल १९७४ साली मिळाले. नवराबायको दोघांनाही नोबेल, तेही वेगवेगळ्या विषयांत, असे त्याआधी घडले नव्हते. अशा घराकडे आपण दिपून पाहतो. म्हणूनच या घरात जरा आत शिरून पाहावे असे मला वाटले.

अल्वा यांचा जन्म ३१ जानेवारी १९०२ चा, उप्सालाचा. वडील अल्बर्ट रायमर बांधकामाची कंत्राटे घेत. स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा आणि सहकारी चळवळीचा कार्यकर्ता. देवाधर्मावर विश्वास नाही, पण माणूस सुधारतो यावर अगदी भाबडा म्हणावा असा विश्वास. आई लोवा हिची तऱ्हा निराळी. तिला क्षयाची विलक्षण धास्ती होती. मुलांना कुशीत घेणे, त्यांचा पापा घेणे ती टाळी. वाचनालयातली पुस्तके घरात आणायला बंदी, कारण ती कोणाकोणाच्या हातांतून आली असतील कोण जाणे! पाच भावंडांत अल्वा थोरली, आणि वाचनाचे वेड तिलाच सगळ्यांत जास्त. जवळ न घेणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेली ही मुलगी पुढे बालसंगोपनावर देशाला धडे देणार होती. तिच्या मुलाचीही तक्रार पुढे नेमकी हीच असणार होती. पण तो भाग नंतर.

त्या काळी स्वीडनमधल्या सरकारी गिम्नॅसियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्यापर्यंत नेणाऱ्या शाळेत, मुलींना प्रवेश नव्हता. तो मिळाला १९२७ साली. (स्वीडन म्हणजे जन्मतःच पुढारलेला देश अशी आपली समजूत असते, म्हणून हे साल मुद्दाम सांगितले.) एस्किल्स्टुना या गावात राहणाऱ्या अल्वाने व्यापारी शिक्षणाचा वर्ग केला, करकचेरीत कारकुनी धरली आणि पैसे साठवले. मग वडिलांच्या मागे लागून काही मुलींसाठी खासगी वर्ग सुरू करवला. त्या वर्गाच्या बळावर ती १९२२ साली परीक्षा पास झाली. तिने बापाला ज्या चिकाटीने राजी केले, त्या चिकाटीचा अनुभव पुढे जिनिव्हात रशियन आणि अमेरिकन प्रतिनिधींनीही घेतला.

गुन्नारची भेट त्याआधीची. १९१९ च्या उन्हाळ्यात सायकलवरून भटकायला निघालेले तीन विद्यार्थी रायमर यांच्या शेतावर रात्रीच्या आसऱ्याला आले आणि गवताच्या कोठारात झोपले. त्यांतला एक वीस वर्षांचा गुन्नार. अल्वा सतरा वर्षांची. घरी भलतेच कारण सांगून ती त्याच्याबरोबर पुढच्या सायकल सफरीला गेली. १९२४ साली दोघांचे लग्न झाले. गुन्नार तेव्हा कायद्याकडून अर्थशास्त्राकडे वळला होता आणि त्या वळणात अल्वाचा हात होता. त्याच्या बुद्धीवर तिची जबर श्रद्धा, त्याला तिच्यावाचून करमत नसे. प्रेमविवाहाची सुरुवात याहून चांगली काय असणार?

पहिला मुलगा यान १९२७ साली झाला. दोन वर्षांनी पतिपत्नींना रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि वर्षभरासाठी ती अमेरिकेला गेली. दोन वर्षांचा यान मागे आजी-आजोबांकडे राहिला. हा निर्णय अल्वाला सोपा गेला नव्हता. पण गुन्नारचा आग्रह होता, आणि शिष्यवृत्ती तिच्याही नावाने होती. त्या एका वर्षाचे बिल पन्नास वर्षांनी आले.

अमेरिकेहून परतल्यावर दोघांनी मिळून १९३४ साली लोकसंख्येच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले आणि देशात खळबळ उडवली. स्वीडनचा जन्मदर तेव्हा युरोपातल्या सगळ्यांत खालच्या दरांपैकी होता. उजव्यांचे म्हणणे, बायकांना घरी बसवा आणि संततिनियमन बंद करा. मिर्डाल दांपत्याने डाव उलटवला. मुले हवी असतील तर मुलांचा खर्च समाजाने उचलावा, बाळंतपणाची सोय करावी, शाळेत फुकट जेवण द्यावे, मोठ्या कुटुंबांना घरे द्यावीत, आणि संततिनियमनाची माहिती मोकळेपणी मिळावी, म्हणजे जन्माला येणारे मूल हवेसे असेल. मिर्डाल हे आडनाव त्या दिवसांत विनोदाचा विषय झाले होते. लोकांनी त्याचे चावट क्रियापदही बनवले. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातल्या बहुतेक गोष्टी प्रत्यक्षात आल्या. प्रत्येक मुलामागे भत्ता १९४८ पासून सुरू झाला.

आणखी एक गोष्ट अल्वा यांच्या खात्यावर जमा करायला हवी. नोकरदार स्त्रियांच्या प्रश्नांवर नेमलेल्या समितीच्या त्या सचिव होत्या. त्या कामातून १९३९ साली कायदा झाला, की लग्न केले किंवा दिवस गेले म्हणून बाईला नोकरीवरून काढता येणार नाही.

याच पुस्तकात एक काळी बाजूही आहे. ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांची नसबंदी करावी, प्रसंगी सक्तीने करावी, या मताला त्यात पाठिंबा आहे. त्या काळी हे मत पुरोगामी मानले जाई, ही सबब पुरेशी नाही. स्वीडनमध्ये १९३५ ते १९७५ या काळात सुमारे ६३ हजार माणसांची नसबंदी झाली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि अनेकांची संमती केवळ नावाची होती. १९९७ साली वृत्तपत्रांनी हे प्रकरण जगापुढे आणले, १९९९ साली सरकारने नुकसानभरपाई देऊ केली. आणीबाणीतली नसबंदी आपण विसरलेलो नाही. कल्याणाच्या नावाने माणसाच्या शरीरावर हात टाकायला सरकारला फार वेळ लागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अल्वा यांचा त्या दिवसांतला दिनक्रम वाचला की दमायला होते. १९३४ मध्ये सिसेला आणि १९३६ मध्ये काई अशा दोन मुली झाल्या. त्याच १९३६ साली बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारी संस्था त्यांनी काढली आणि तिच्या त्या प्रमुख झाल्या. नोकरी करणाऱ्या आयांसाठी स्टॉकहोममध्ये एक सामुदायिक घर उभे राहिले. वास्तुकार स्वेन मार्केलिउस, कल्पनेत वाटा अल्वा यांचा. तळाशी एकच स्वयंपाकघर, जेवण छोट्या लिफ्टने प्रत्येकाच्या घरी पोचायचे, मुलांसाठी तिथेच पाळणाघर. गंमत म्हणजे मिर्डाल मंडळी स्वतः तिथे राहायला गेली नाहीत. त्यांनी त्याच मार्केलिउसकडून ब्रॉमा या उपनगरात स्वतंत्र घर बांधून घेतले.

१९३८ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावर अभ्यास करण्यासाठी कार्नेगी संस्थेने गुन्नार यांना बोलावले. आता तिन्ही मुलांसह बिऱ्हाड अमेरिकेला. जर्मनांनी नॉर्वे घेतल्यावर १९४० साली सगळे मायदेशी परत, कारण संकटकाळी देशाबाहेर राहणे दोघांनाही पटेना. पण अभ्यास अर्धा राहिला होता. गुन्नार १९४१ साली पुन्हा गेले आणि तिथून पत्रांमागून पत्रे पाठवू लागले. अखेर ऐन युद्धात, मुलांना स्वीडनमध्ये ठेवून अल्वा त्यांच्याकडे गेल्या. यान चौदाचा, सिसेला सहा-सात, काई पाच वर्षांची. देशावर जर्मन आक्रमणाची टांगती तलवार. त्या वर्षभरात परतल्या खऱ्या, पण हा प्रवास त्यांच्या मुलांच्या आठवणींतून कधीच पुसला गेला नाही. या वेळी त्यांना स्वतःचे काम बोलावत नव्हते, नवरा बोलावत होता. आई आपल्याला करिअरसाठी टाकून गेली असा मुलांचा समज होतो, तेव्हा बऱ्याचदा ती बायको म्हणून गेलेली असते.

१९४७ साली गुन्नार संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे प्रमुख म्हणून जिनिव्हाला गेले. अल्वा पाठोपाठ गेल्या. दोन वर्षे त्या मोठ्या अधिकाऱ्याची पत्नी म्हणून वावरल्या. पाहुणे, मेजवान्या, टेबलावर कोणाला कुठे बसवायचे याचे तक्ते. ज्या बाईने देशाचे कुटुंबधोरण ठरवले तिला ही दोन वर्षे फार जड गेली. मग संयुक्त राष्ट्रांच्या सामाजिक विभागाचे प्रमुखपद न्यूयॉर्कमध्ये चालून आले. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत एवढ्या वरच्या जागेवर दुसरी बाई नव्हती. १९४९ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अल्वा एकट्याच निघाल्या. मुली चौदा आणि बारा वर्षांच्या. त्या वडिलांजवळ जिनिव्हात राहिल्या. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या समाजशास्त्र विभागाचे काम घेऊन त्या पॅरिसला आल्या, कारण तिथून जिनिव्हा जवळ होते. मोठी जागा सोडून लहान जागा का घेतली, हे शोधायला फार खोलात जावे लागत नाही.

आणि मग दिल्ली. १९५५ साली त्या भारतातल्या स्वीडिश वकिलातीच्या प्रमुख म्हणून आल्या आणि १९५६ मध्ये राजदूत झाल्या. ब्रह्मदेश आणि सिलोनचा कारभारही त्यांच्याकडेच, शेवटी शेवटी नेपाळही. त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. थोरल्या मुलीचे लग्न त्याच वर्षी झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाच्या मागे जायचे नव्हते. नेहरूंशी त्यांची चांगली मैत्री जमली. नेहरू १९५७ च्या जूनमध्ये स्वीडनला जाऊन आले. लोकसंख्या, शिक्षण, खेड्यांचा विकास हे तर अल्वाबाईंचे जिव्हाळ्याचे विषय, त्यामुळे दूतावासाच्या चार भिंतींत त्या बसल्या नाहीत. कुटुंबनियोजनासाठी स्वीडनने परदेशाला दिलेली पहिली मदत १९५८ साली सिलोनला गेली. परदेशी मदतीच्या यादीत हा विषय घ्यायला तेव्हा बाकीचे देश बिचकत होते.

‘एशियन ड्रामा’चे काम घेऊन १९५७ मध्ये गुन्नार दिल्लीला येऊन राहिले. आता पाटी बदलली होती. घर राजदूताचे, राजदूत बायको, आणि जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ तिचे यजमान, दोन्ही अर्थांनी. दिल्लीच्या मेजवान्यांत राजदूतांच्या बायका एका बाजूला आणि राजदूत दुसऱ्या बाजूला बसत, तेव्हा या जोडप्याचे नेमके काय करायचे, हा प्रश्न शिष्टाचारवाल्यांना पडला असणारच. जिनिव्हात टेबलाचे तक्ते आखणाऱ्या बाईंनी तो कसा सोडवला असेल, याची कल्पना करायला मला आवडते.

व्हिओला क्लाइन यांच्याबरोबर लिहिलेले त्यांचे ‘विमेन्स टू रोल्स’ हे पुस्तक १९५६ साली, म्हणजे दिल्लीच्या मुक्कामातच प्रसिद्ध झाले. आयुष्य आता लांबले आहे आणि मुले कमी झाली आहेत, तेव्हा स्त्रीने शिक्षण व नोकरी, मग काही वर्षे मुले, मग पुन्हा नोकरी असे आयुष्याचे टप्पे पाडावेत, अशी त्यातली मांडणी. कागदावर मोठी सुबक! अल्वाबाईंच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र हे टप्पे कधी नीट पडलेच नाहीत. सगळे एकदम आले आणि एकमेकांवर आदळले.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. सी. बी. मुथम्मा १९४९ साली आपल्या परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यायला लावता येईल, असा आपला नियम होता. पुरुषांना तो नव्हता. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमाची चांगलीच सालटी काढली. स्वीडनने चाळीस वर्षे आधी केलेल्या कायद्याशी हे ताडून पाहावे. या मुथम्माबाई पुढे निःशस्त्रीकरणासाठी ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या सदस्य झाल्या, म्हणजे अल्वाबाईंच्याच वाटेवर आल्या.

१९६१ साली अल्वा मायदेशी परतल्या. वय एकोणसाठ. परराष्ट्रमंत्री ओस्टेन उंडेन यांनी त्यांना निःशस्त्रीकरणाचा विषय हाती घ्यायला सांगितले. क्षेपणास्त्रे, किरणोत्सर्ग, भूकंपशास्त्र यांतले त्यांना काही येत नव्हते. त्या शिकायला बसल्या. मार्च १९६२ मध्ये जिनिव्हाला अठरा राष्ट्रांची समिती भरली. पाच देश अमेरिकेच्या बाजूचे, पाच रशियाच्या, आणि मध्ये आठ कुठल्याच गटात नसलेले, त्यांत भारत आणि स्वीडन. फ्रान्स आलाच नाही, म्हणून प्रत्यक्षात सतरा. दोन महासत्ता एकमेकींशी बोलत नसत, दोघी जगाला उद्देशून भाषणे करीत. या आठांनी १६ एप्रिलला एक संयुक्त टिपण पुढे ठेवले, आणि चर्चा निदान कशावर करायची ते ठरले.

भांडण मुख्यतः एका गोष्टीवर होते. हवेत आणि पाण्याखाली केलेला अणुस्फोट लपत नाही, जमिनीखालचा लपू शकतो. अमेरिका म्हणे, आमचे निरीक्षक तुमच्या भूमीवर येऊन पाहतील; रशिया म्हणे, ही हेरगिरी आहे. १९६३ च्या सुरुवातीला हा वाद आकड्यांवर आला होता. रशिया वर्षाला दोन-तीन भेटींना तयार, अमेरिका सातावर अडलेली. दोन आणि सात यांच्यामध्ये जगाचे भवितव्य लटकत होते! अखेर त्या वर्षी मॉस्कोत करार झाला तो भूमिगत चाचण्या वगळून. अल्वाबाईंनी शास्त्रज्ञ हाताशी धरून सांगायला सुरुवात केली की दूरवरच्या भूकंपमापकांवरूनही स्फोट आणि भूकंप यांतला फरक पुष्कळसा कळतो, अनेक देशांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या तर तपासणीच्या भेटींचे हे भांडण निम्मे उरणार नाही. स्वीडनने हागफोर्स येथे असे केंद्र उभारले. १९९६ साली झालेल्या सर्वंकष चाचणीबंदी करारामागे जगभरच्या भूकंपमापकांचे जे जाळे आहे, त्याची कल्पना याच रांगेतली. तो करार अजून अमलात आलेला नाही, हा भाग वेगळा. भारतानेही त्यावर सही केलेली नाही. १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार भारताने नाकारला तेव्हाही, जिनिव्हाच्या टेबलावर शेजारी बसलेले दोन मित्र वेगळ्या वाटांनी गेले. स्वीडनमध्ये पन्नाशीच्या दशकात स्वतःचा अणुबाँब करण्याचा विचार गंभीरपणे चालू होता, त्या देशाने मात्र सही केली.

१९६७ साली पासष्टाव्या वर्षी त्या निःशस्त्रीकरणाच्या मंत्री झाल्या. पुढे चर्च खातेही त्यांच्याकडे आले, बापाचा नास्तिक वारसा सांगणाऱ्या बाईंकडे. १९७३ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९७६ साली त्यांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच या वाटाघाटींना त्यांनी ‘खेळ’ म्हटले आहे. दोन्ही महासत्तांना शस्त्रे कमी करायचीच नव्हती, बोलणी चालू आहेत एवढे दाखवायचे होते, असा त्यांचा रोकडा निष्कर्ष. अकरा वर्षे ज्या टेबलावर घालवली त्याच्याबद्दल असे लिहायला धैर्य लागते. १९८१ चा नेहरू पुरस्कार पतिपत्नींना मिळून दिला गेला.

मग १९८२. ऑक्टोबरात नोबेलची घोषणा. त्याच वर्षी यान मिर्डाल यांचे ‘बार्नडोम’, म्हणजे ‘बालपण’, हे पुस्तक निघाले. यान एव्हाना नावाजलेले लेखक होते. चीनमधल्या एका खेड्यावरचे त्यांचे पुस्तक जगभर वाचले गेले होते, भारतावरही त्यांनी लिहिले. राजकारणात ते आई-वडिलांच्या फार डावीकडे गेले होते, आणि साठीच्या दशकानंतर त्यांचे घराशी बोलणे उरले नव्हते. पुस्तकातला लहान मुलगा सांगतो की आई-वडिलांचे घर थंड होते, ऊब मिळाली ती आजी-आजोबांकडे. मुलांवर व्याख्याने देणाऱ्या आईला स्वतःचा मुलगा नकोसा होता. ऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात एकीकडे पारितोषिक आणि दुसरीकडे हे. स्वीडनची वृत्तपत्रे दोन्हींवर तुटून पडली.

सिसेला बोक या तत्त्वज्ञ. खोटे बोलणे आणि गुपिते राखणे या विषयांवर त्यांची दोन गाजलेली पुस्तके आहेत. राजदूताच्या मुलीने नेमके हेच विषय निवडावेत, याची मला मौज वाटते. आईच्या चरित्रात त्यांनी काही झाकले नाही. आईच्या गैरहजेरीने आपल्याला काय झाले ते सांगितले, पण आईला काय झाले तेही विचारले. धाकट्या काई लग्नानंतर जर्मनीत राहिल्या, सामाजिक कामात रमल्या. त्यांच्या पुस्तकात रागही आहे आणि ओढही.

मी यान यांना खोटे पाडणार नाही. दोन वर्षांच्या मुलाला वर्षभर आई दिसली नाही, हे खरे आहे, आणि मुलाच्या दुःखाला आईचे कर्तृत्व हे उत्तर होऊ शकत नाही. पण गुन्नार यांच्यावरचे लेख मी वाचतो तेव्हा त्यांच्यापुढे हा हिशेब कोणी ठेवलेला सहसा दिसत नाही. १९२९ साली आणि १९४१ साली अल्वाला बोलावणारे तेच होते. यान यांनी बापालाही सोडलेले नाही, पण वाचकांनी लक्षात ठेवली ती आई. ती मुलांची तज्ज्ञ होती म्हणून तिच्याकडून अपेक्षा जास्त, असे कोणी म्हणतात. तसे असेल तर ‘कुटुंबाचे अर्थशास्त्र’ लिहिणाऱ्या बापाकडूनही ती हवी होती, कारण १९३४ च्या त्या पुस्तकावर दोघांची नावे आहेत.

शेवटच्या काही वर्षांत अल्वाबाईंची वाचा गेली. करारातल्या एकेका शब्दासाठी महिनोन् महिने झगडलेल्या बाईंना साधा शब्द सापडेना. १ फेब्रुवारी १९८६ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. गुन्नार पुढच्या वर्षी मे महिन्यात गेले. यान यांनी शेवटपर्यंत लिहिणे सोडले नाही, ते २०२० साली वारले. तिन्ही मुले लिहिती झाली. आईसारखी मुत्सद्देगिरी मात्र तिघांपैकी एकानेही पत्करली नाही.